पाच-सहा बातम्यांच्या साइट रोज उघडून बघाव्या लागतात. सगळं एकाच ठिकाणी कसं आणता येईल?

आरएसएस फीड वापरा, म्हणजे साइटवरच्या नव्या बातम्यांची आपोआप बदलत राहणारी यादी. अशा याद्या एकत्र वाचायला संगणकावर थंडरबर्ड हा ईमेलचा प्रोग्राम आणि फोनवर फीडली हे अ‍ॅप चांगलं चालतं. थंडरबर्डमध्ये आधी 'फीड अकाउंट' तयार करा, मग 'मॅनेज सबस्क्रिप्शन्स'मध्ये साइटच्या फीडचा पत्ता चिकटवा.

अडतं ते हा पत्ता शोधताना, कारण बऱ्याच साइटवर फीडची नारिंगी खूण आता दिसत नाही. साइट वर्डप्रेसवर (साइट बनवायच्या एका प्रणालीवर) असेल तर साइटच्या पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ देऊन इंग्रजीत 'फीड' लिहा, बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं. नाहीतर कंट्रोल आणि यू दाबून पानाचा सोर्स, म्हणजे त्यामागचा कोड उघडा आणि त्यात 'आरएसएस' ही इंग्रजी अक्षरं शोधा. त्याच ओळीत पत्ता असतो.

फीड लावूनही काही बातम्या सुटतात, त्याचं कारण वेगळंच असतं. फीडमध्ये फक्त ताज्या नोंदी राहतात, वर्डप्रेसमध्ये सेटिंग बदललं नसेल तर १०च. मोठं दैनिक तासाभरात त्याहून जास्त बातम्या टाकतं आणि थंडरबर्ड सेटिंग बदललं नसेल तर १०० मिनिटांनी एकदा फीड तपासतं, तेही उघडं असेल तरच. म्हणून अशा फीडसाठी ती वेळ १५ मिनिटांवर आणा. त्याहून चांगलं म्हणजे मुख्य फीड सोडून हव्या त्या विभागाचंच फीड घ्या. वर्डप्रेसवर विभागाच्या पत्त्यालाही तीच युक्ती लागू पडते.

तुम्ही घेतलेल्या फीडच्या यादीची ओपीएमएल फाइल (ही यादी साठवायचा फाइलचा प्रकार) अधूनमधून उतरवून ठेवा. २०१३ मध्ये गूगल रीडर ही फीड वाचायची सेवा बंद झाली, तेव्हा याच फाइलमुळे लोकांना आपली यादी दुसरीकडे नेता आली.