नाशिकमध्ये नोकरी सांभाळून जीएनएम नर्सला पॅलिएटिव्ह केअर शिकता येईल का?

हो, येईल. पॅलिएटिव्ह केअर म्हणजे गंभीर आजारात पेशंटचा त्रास कमी करणारी काळजी. इंडियन असोसिएशन ऑफ पॅलिएटिव्ह केअरचा साधारण दोन महिन्यांचा दूरशिक्षणाचा सर्टिफिकेट कोर्स डॉक्टर आणि नर्स दोघांसाठी आहे, तो ड्युटी सांभाळून करता येतो. सहा आठवडे रजा मिळत असेल तर मात्र तिरुवनंतपुरमच्या पॅलियम इंडियाचं निवासी प्रशिक्षण घ्या. हे काम पुस्तकातून अर्धंच कळतं. शेवटच्या दिवसांत घशात घरघर सुरू झाली की आपला हात सवयीने सक्शनकडे, म्हणजे घशातला स्राव ओढून काढणाऱ्या यंत्राकडे जातो. पेशंटला कुशीवर वळवणं बहुतेकदा जास्त उपयोगी पडतं, आणि घरघरीचा त्रास पेशंटपेक्षा नातेवाइकांना जास्त होतो हे त्यांना शांतपणे सांगावं लागतं. मॉर्फिन हे तीव्र वेदनांवरचं औषध सुरू केलं की त्याच दिवशी बद्धकोष्ठता टाळणारं औषधही सुरू करायचं, हेही असंच अंगवळणी पडावं लागतं. ऑन्कॉलॉजी (कॅन्सर) वॉर्डात हे प्रशिक्षण घेतलेल्या सिस्टर्सबरोबर मी काम करतो, त्यावरून सांगतोय. एक अट लक्षात ठेवा: सर्टिफिकेटमुळे नर्सला मॉर्फिन लिहून देता येत नाही. एनडीपीएस कायद्यातल्या (अमली पदार्थविषयक कायदा) 2014 च्या दुरुस्तीनंतर मॉर्फिन ठेवायला संस्थेला मान्यता लागते. तुमच्या हॉस्पिटलकडे ती आहे का, हे फी भरण्याआधी फार्मसीत विचारा.