इलस्ट्रेटरने आपल्या चित्रांचा कॉपीराइट नोंदवायलाच हवा का? खर्च किती, वकील लागतो का?

वकील लागत नाही. कॉपीराइट ऑफिसचा फॉर्म १४ ऑनलाइन भरायचा, एका चित्राला ५०० रुपये. चित्र एखाद्या मालावर किंवा लेबलवर वापरता येण्यासारखं असेल तर २००० आणि वर ट्रेडमार्क रजिस्ट्रीचा, तसा ट्रेडमार्क आधी कुणी नोंदवलेला नाही असा दाखला. डायरी नंबर, म्हणजे अर्ज पोचल्याचा क्रमांक, आला की हरकतींसाठी ३० दिवस थांबायचं, मग तपासणी.

पण नोंदणी केली की चोरी थांबते, हे डोक्यातून काढून टाका. चित्र काढलंत तेव्हाच हक्क तुमचा झाला. नोंदणी नसली तरी दावा लावता येतो, हे मुंबई उच्च न्यायालयानं २०२१ मध्ये स्पष्ट केलंय. प्रमाणपत्र कोर्टात पुरावा म्हणून कामी येतं, एवढंच.

माझं एक चित्र दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर गेलं होतं. जात्यावर बसलेली नऊवारीतली बाई. पुढच्या वर्षी तीच बाई त्याच प्रकाशकाच्या कॅलेंडरवर दिसली. मजकुराला जागा हवी म्हणून चित्र आरशात दिसावं तसं डावं-उजवं उलटवलेलं, त्यामुळे पदर उजव्या खांद्यावर! खालची सही कापलेली. पैशापेक्षा तो पदर बघून मला जास्त संताप आला. नऊवारी नेसलेली एकही बाई त्या ऑफिसात कुणी पाहिली नव्हती का?

फोन केला तर उत्तर आलं, "ताई, मानधन दिलंय की तुम्हाला." मी काम घेतानाचा मेल पुढे केला. त्यात "फक्त या अंकाच्या मुखपृष्ठासाठी" असं मी लिहिलं होतं आणि त्यांनी "चालेल" म्हणून कळवलं होतं. सोबत पेन्सिलची कच्ची रेखाटनं, लेयर असलेली मूळ फाइल आणि कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ चा उल्लेख. हक्क विकला तरी चित्रकाराचं नाव आणि चित्राची मोडतोड याबद्दल बोलायचा अधिकार त्या कलमानं चित्रकाराकडेच राहतो. वेगळं मानधन आलं, उरलेली कॅलेंडरं मागे घेतली गेली. नोंदणी तेव्हा नव्हतीच.

आमच्यातले एक ज्येष्ठ चित्रकार मला नेहमी सांगायचे की अटी लिहिल्या की संबंध बिघडतात, कामं मिळत नाहीत. अजिबात नाही. त्याच प्रकाशकाकडून मला नंतरही काम आलं, आणि या वेळी अटी त्यांनीच विचारल्या. तोंडी व्यवहारात संबंध टिकतात ते फक्त प्रकाशकाच्या सोयीनं. मानधन कमी असेल तर अटी जास्त स्पष्ट हव्यात, कारण हक्काशिवाय तुमच्या हातात दुसरं काही राहतच नाही.

तेव्हा ५०० रुपये भरण्याआधी प्रत्येक कामाच्या मेलमध्ये वापर कुठे, किती काळ, सही राहणार का, हे लिहायला लागा. ज्या चित्रमालिकेवर तुमचं नाव उभं आहे, तिची नोंदणी मात्र जरूर करा.

आणि हो, सांगायचं राहिलं. कुणी पैसे देऊन पेंटिंग किंवा पोर्ट्रेट काढून घेतलं आणि वेगळं काही ठरलं नसेल, तर कलम १७ प्रमाणे पहिला मालक तो पैसे देणारा ठरतो. नोकरीत काढलेलं चित्रही सहसा मालकाचं. हक्क लिहून देताना मुदत घातली नाही तर ती ५ वर्षं धरतात. तुम्ही स्वतःच्या मनानं काढलेल्या आणि इन्स्टावर टाकलेल्या चित्रांना पैसे देणाऱ्याचा किंवा नोकरीचा नियम लागू नाही, ती तुमचीच.