पंपाआधी पॉलिसीचा कागद बघ

निपाणीत तंबाखूची भुकटी नाकात घेत वाढलो, दम्याचा पंप ओढायला लागून बारा वर्षं झाली. तुला कॉम्बिनेशन इनहेलर, म्हणजे दोन औषधं एकत्र असलेला पंप, लिहून दिलाय ना, मग ऐक. साधी मेडिक्लेम अ‍ॅडमिट झालास तरच कामाची. दर महिन्याचा पंप खिशातूनच. ओपीडीचं, म्हणजे अ‍ॅडमिट न होता घेतलेल्या उपचारांचं, कव्हर वेगळं घेतलं असेल तर गोष्ट निराळी. मी पहिल्या वर्षी बिलांचा गठ्ठा पाठवला होता, एका ओळीच्या पत्रासकट परत आला! अ‍ॅडमिशनच्या आधीनंतरची औषधं मात्र बहुतेक पॉलिसींत बसतात, म्हणून चिठ्ठी-बिलं टाकू नकोस.

नवी पॉलिसी काढताना दमा लपवू नकोस. एजंट म्हणेल, "कशाला लिहिताय?" तू लिहीच. जुन्या आजाराचा खर्च पॉलिसीतून मिळायला थांबायची मुदत 2024 पासून जास्तीत जास्त 3 वर्षं आहे.

आता पंप. बुडेसोनाइड-फॉर्मोटेरॉल ही औषधांची जोडी लवकर काम करते, त्यामुळे डॉक्टरांनी तसं सांगितलं तर धाप लागल्यावरही तोच चालतो. सॅल्मेटेरॉल-फ्लुटिकासोन या दुसऱ्या जोडीचं तसं नाही, जवळ तातडीचा दुसरा पंप ठेवावा लागतो. म्हणजे खर्च दोन. हे डॉक्टरांना तोंडावर विचार, लाजू नकोस. जनऔषधी केंद्रातही चौकशी कर. पण दुकानदार "हे पण तेच" म्हणून वेगळं यंत्र देईल तर थांब: कॅप्सूलचं जोरात ओढायचं, गॅसचं सावकाश. चुकीचं ओढल्यामुळे माझा अर्धा डोस महिनाभर जिभेवरच बसत होता. ओढून झालं की खळखळून चूळ भर, नाहीतर तोंडात पांढरे चट्टे उठतात.