‘रिसर्च आहे म्हणतात, मग घेऊ का?’

एंडोमेट्रिओसिसने, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढून होणाऱ्या दुखण्याने, बेजार झालेल्या मुली आणि बायका माझ्याकडे येतात, त्यांतल्या बऱ्याच जणी हल्ली एकच प्रश्न विचारतात. "ताई, ते गांजाचं तेल घेऊन पाहू का? बाहेरच्या देशात रिसर्च झाला आहे म्हणे." नागपुरात धंतोलीतल्या दवाखान्यांचे कागद पर्समध्ये आणि इंटरनेटवरचे स्क्रीनशॉट मोबाइलमध्ये. मी समुपदेशक आहे, डॉक्टर नाही; औषध घे किंवा नको घेऊ हे मी सांगत नाही. पण या प्रश्नामागे जी घालमेल असते, ती माझ्या कामाची आहे.

स्वाती (नाव आणि तपशील बदलले आहेत) बँकेत कर्ज विभागात. वय बत्तीस. पाळीच्या दिवसांत अंथरुणातून उठता येत नाही. निदानालाच कितीतरी वर्षं गेली, आणि यात नवल नाही. जगभरात प्रजननक्षम वयातल्या साधारण दहापैकी एकीला हा आजार असतो, तरी निदान व्हायला चार ते बारा वर्षं लागतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. "सगळ्यांनाच दुखते, तूच काहून एवढं करते?" हे तिने घरीही ऐकलं होतं आणि ऑफिसातही.

पहिल्याच भेटीत ती म्हणाली, "मॅडम, मी हार्मोनच्या गोळ्या बंद केल्या. तेल सुरू करून राहिली. डॉक्टरांना नाही सांगितलं."

"का नाही सांगितलं?"

"ते म्हणतील, पुरावा नाही. मग माझं काय?"

हे ‘मग माझं काय’ मी लिहून ठेवलं. पुढच्या बैठका त्याच्याभोवतीच झाल्या.

तिच्याकडे दोन अभ्यास होते, ते आम्ही सोबत वाचले. एक ऑस्ट्रेलियातलं २०१७ चं ऑनलाइन सर्वेक्षण. ४८४ बायकांपैकी ७६ टक्के दुखण्यावर स्वतःचे काही ना काही उपाय करत होत्या, त्यांतल्या १३ टक्के गांजा वापरत होत्या आणि त्यांनी त्याच्या परिणामाला दहापैकी सरासरी ७.६ गुण दिले होते. दुसरा कॅनडातल्या एका ॲपमधल्या नोंदींचा, २५२ जणींचा.

"७.६ म्हणजे चांगलेच ना?" ती म्हणाली.

मी विचारलं, "तुझ्या टेबलावर हा आकडा आला असता, तर काय विचारलं असतंस?"

ती गप्प झाली. मग पेन काढलं. ४८४ चे ७६ टक्के, त्याचे १३ टक्के, म्हणजे अठ्ठेचाळीसच्या आसपास. "मॅडम, हे गुण वापरणाऱ्यांनीच दिले आहेत. ज्यांनी करून पाहिलं आणि सोडून दिलं, त्या यात कुठं आहेत? ज्यांनी कर्ज फेडलं त्यांनाच विचारलं, तर कोणतीच बँक बुडणार नाही."

तो क्षण मी विसरणार नाही. आत्तापर्यंत माझ्यासमोर एक थकलेली रुग्ण बसली होती, आणि आता एक तयारीची अधिकारी बसली होती. मी तिला उत्तर दिलं असतं, तर तिने ते माझं मत म्हणून बाजूला ठेवलं असतं. तिने स्वतः शोधलं, म्हणून ते तिचं झालं. समुपदेशकाने प्रश्न विचारावा आणि थांबावं, यावरचा माझा विश्वास त्या दिवशी आणखी पक्का झाला.

मग धडाधड प्रश्न निघाले. ॲपवाल्या अभ्यासात तुलनेला दुसरा गटच नाही. पाळीतलं दुखणं चढतं तसं उतरतंही. सर्वांत जास्त दुखतं तेव्हाच माणूस औषध घेतो, मग उतार कशाचा म्हणायचा? आणि त्यात वेदनेला जास्त आराम ओढून घेतल्यावर पडल्याचं दिसलं, तोंडाने घेतल्यावर नाही. तिच्या हातात होती ‘विजया’ या भांगेच्या आयुर्वेदिक नावाने मिळणारी, पानांच्या तेलाची बाटली. आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात गांजा म्हणजे झाडाचा फुलोरा, नुसती पानं त्या व्याख्येबाहेर. मग तिथल्या फुलोऱ्याचा निष्कर्ष इथल्या बाटलीला कसा लावायचा?

एक गोष्ट मी जोडली. वेदनेवरच्या गांजाच्या चाचण्यांचा २०२२ मधला एक आढावा सांगतो की, रुग्णांना जो आराम पडला त्यातला साधारण दोन-तृतीयांश खोटं औषध घेणाऱ्यांनाही पडला होता. वर नशा चढली की आपल्याला खरं औषध मिळालं हे रुग्णाला कळतंच, त्यामुळे खरं औषध कोणाला आणि खोटं कोणाला, हे चाचणीत झाकलेलं राहत नाही.

तिचा चेहरा उतरला. "म्हणजे माझ्यासाठी काहीच नाही."

इथे मी थांबवलं. "‘अजून सिद्ध झालं नाही’ आणि ‘माझ्यासाठी काहीच नाही’, ही दोन वाक्यं एक आहेत का?"

खूप वेळ शांतता. मग ती रडली, आणि म्हणाली, "मला खात्री पाहिजेच होती. कोणाची तरी. गोळ्यांची नाही तर तेलाची."

मी विवेकनिष्ठ विचारसरणीत घडले. दुखण्याने माणूस पिचतो हे खरंच, पण त्यावर ‘खात्री पाहिजेच’ असा हट्ट चढला की तो दुप्पट पिचतो. हट्ट सुटला की अपुऱ्या माहितीवरही शहाणा निर्णय घेता येतो. संशोधन अपुरं आहे याचा अर्थ तिची वेदना खोटी आहे असा होत नाही. बायकांच्या या दुखण्याकडे विज्ञानाने उशिरा पाहिलं, त्याचं ओझं तिने का वाहावं?

म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकीला मी कळकळीने सांगते. तेल घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका, कारण ते इतर औषधांच्या परिणामात ढवळाढवळ करू शकतं. चालू गोळ्या मनाने बंद करू नका. बाळाचा विचार असेल तर आधी तेच सांगा, कारण गरोदरपणात गांजा टाळायलाच सांगतात. आणि वेदनेची रोजची नोंद ठेवा. तेल घेतलेल्या दिवसांची तर ठेवाच, पण न घेतलेल्या दिवसांचीही ठेवा.

स्वातीने दोन पाळ्यांची नोंद केली आणि बाटलीसकट डॉक्टरांकडे गेली. त्यांनी पुढच्या वर्षीच्या बाळाच्या बेताबद्दल विचारलं, तेल थांबवायला सांगितलं, गोळी बदलून दिली आणि ओटीपोटाच्या स्नायूंसाठी फिजिओथेरपी सुचवली. दुखणं पूर्ण गेलेलं नाही. पण परवा ती नवऱ्याला सोबत घेऊन आली, नोंदवही त्याच्या हातात दिली आणि म्हणाली, "हे वाचून घ्या, मग बोलू."