वाचकांचे प्रश्न : आरोग्याला दर लावताना न्याय कोणता?

प्रश्न : एखादा उपचार सरकारी योजनेत घ्यायचा की नाही हे ठरवताना आयुष्याच्या एका वर्षाची किंमत रुपयांत धरली जाते, असे वाचनात आले. माणसाच्या आयुष्याला दर लावणे हेच मुळात अन्यायाचे नाही का? आणि तो लावलाच, तर श्रीमंताचे आयुष्य महाग आणि शेतमजुराचे स्वस्त ठरणार नाही का?
— एक निवृत्त शिक्षिका, सांगली

उत्तर : आधी तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो, कारण ती भीती खरी आहे आणि एके काळी हिशेब तसाच होत असे. आजारपणामुळे किंवा अकाली मृत्यूमुळे जेवढी कमाई बुडाली तेवढी आरोग्याची किंमत, अशी ती जुनी पद्धत होती. या हिशेबात पेन्शनवर जगणारे आजोबा, घर सांभाळणारी बाई आणि जन्मतः अपंग असलेले मूल यांच्या वाट्याला जवळजवळ काहीच येत नाही. पुढे ‘मृत्यूचा धोका थोडा कमी व्हावा म्हणून तुम्ही किती पैसे द्याल’ असे लोकांनाच विचारण्याची पद्धत आली. तिच्यात लोकांच्या पसंतीला स्थान मिळाले हे खरे. पण ज्याच्याकडे दहा हजारच आहेत तो वीस हजार देईन असे म्हणू शकत नाही, त्यामुळे पसंती मोजायला गेलेला माणूस बऱ्याचदा ऐपतच मोजून परत येतो. वयाच्या बाबतीतही असेच झाले. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने हवेचे प्रदूषण कमी करण्याचे फायदे मोजताना एका पर्यायी हिशेबात सत्तरी ओलांडलेल्यांच्या जिवाचे मूल्य इतरांपेक्षा ३७ टक्क्यांनी कमी धरले होते. ज्येष्ठ नागरिकांनी त्याविरुद्ध एवढा आवाज उठवला की २००३ मध्ये संस्थेला तो हिशेब सोडून द्यावा लागला.

आपल्याकडे केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाने २०१७ मध्ये ‘हेल्थ टेक्नॉलॉजी असेसमेंट इन इंडिया’ ही उपचारांचा खर्च आणि फायदा तपासणारी व्यवस्था उभी केली. तिचे माप म्हणजे पूर्ण आरोग्यात काढलेले एक वर्ष. निम्म्या आरोग्यात काढलेली दोन वर्षे मिळून असे एक वर्ष होते. ‘क्वाली’ या नावाने ते ओळखले जाते. असे एक वर्ष मिळवून देण्यास लागणारा जादा खर्च दरडोई सकल देशांतर्गत उत्पन्नाच्या, म्हणजे अलीकडच्या काळात साधारण २ लाख रुपयांच्या आत बसला, तर तो उपचार खर्चाच्या मानाने फायद्याचा मानण्याचा प्रघात आहे. यात न्यायाची गोष्ट ही की मलबार हिलवरच्या माणसाचे वर्ष आणि मेळघाटातल्या माणसाचे वर्ष एकाच दराने मोजले जाते. हा एक दर कोणत्याही सबबीखाली मोडू देऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

राहिला पहिला प्रश्न. समजा, एका योजनेत १ कोटी रुपये शिल्लक आहेत. एका नव्या औषधाने पूर्ण आरोग्याचे एक वर्ष मिळवायला १० लाख लागतात आणि रक्तदाबाच्या साध्या गोळ्या नियमित पुरवल्या तर तेच वर्ष ५० हजारांत मिळते. पहिल्या वाटेने १० वर्षे हाती येतात, दुसऱ्या वाटेने २००. दर न लावता नवे औषध निवडले, तरी १९० वर्षे सोडून देण्याचा निर्णय झालेलाच असतो; फक्त तो कोणी बोलून दाखवलेला नसतो, आणि ज्यांची ती वर्षे गेली त्या रुग्णांना आपले काही गेले हेही कळत नाही. म्हणून दर लावणे मला अन्यायाचे वाटत नाही. तो कशावरून ठरला हे न सांगणे अन्यायाचे वाटते. दरडोई उत्पन्नाचा आकडा तसा कच्च्या पायावर उभा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने नेमलेल्या आयोगाच्या २००१ च्या अहवालातून दरडोई उत्पन्नाच्या एक ते तीन पट हे प्रमाण जगभर पसरले, आणि त्याचा असा सरसकट वापर करू नये असे पुढे संघटनेतल्याच तज्ज्ञांनी सांगितले. तो आकडा इथल्या लोकांच्या पसंतीतून आलेला नाही, आणि इथल्या दवाखान्यांत नेमके कोणते उपचार मागे पडतात हे पाहूनही आलेला नाही.

प्रश्न : २०२१ मध्ये मुंबईतल्या एका तान्ह्या मुलीला स्नायूंच्या जनुकीय आजारावरचे १६ कोटींचे औषध मिळावे म्हणून असंख्य लोकांनी पैसे पाठवले. लोकांची पसंती याहून स्पष्ट कशी दिसणार? मग सरकारनेच हात का आखडावा?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : त्या वेळी ज्यांनी पैसे पाठवले त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. तरीही ती दानत आणि सरकारी निधीच्या वाटपाविषयीची पसंती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. थॉमस शेलिंग या अर्थतज्ज्ञाने १९६८ मध्येच दाखवून दिले होते की एका ठरावीक मुलीचा जीव वाचवायला लोक धावून येतात, पण रुग्णालयांची दुरवस्था होऊन काही अनोळखी माणसे दगावणार असतील, तर तेच लोक कर भरायला फारसे पुढे येत नाहीत. फोटो आणि आवाहन ज्यांच्या आईबापांना जमत नाही, अशा मुलांनाही सरकार तेवढेच उत्तरदायी असते. त्या मुलीच्या औषधावरचे आयातशुल्क आणि कर केंद्राने माफ केले, तेव्हा काही कोटींचा महसूल सोडून दिला गेला. म्हणजे तिथेही सर्वांचाच पैसा होता. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणातील मदतीची मर्यादा २०२२ मध्ये ५० लाखांवर नेण्यात आली. ज्या मुलांना जन्मभर औषध घ्यावे लागते त्यांना ती रक्कम फार काळ पुरत नाही आणि मध्येच थांबलेला उपचार पालकांच्या जिव्हारी लागतो. ही मर्यादा वाढवावी असे मला वाटते. मात्र आजार दुर्मीळ आहे म्हणून नव्हे, तर तो अतिशय गंभीर आहे म्हणून.

प्रश्न : इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवेत कोणती औषधे घ्यावीत हे सांगणारी ‘नाइस’ ही संस्था अखेरच्या महिन्यांतील रुग्णांच्या औषधांसाठी जादा खर्च मान्य करीत असे, आता तो नियम बदलला आहे. लोकांना विचारले असते, तर त्यांनी मरणाच्या दारातल्या रुग्णालाच झुकते माप दिले नसते का?
— एक वाचक, लंडन

उत्तर : संस्थेचाही तोच अंदाज होता. पूर्ण आरोग्याच्या एका वर्षामागे २० ते ३० हजार पौंड ही तिची तेव्हाची नेहमीची मर्यादा. २००९ पासून मात्र, ज्या रुग्णाचे आयुष्य साधारणपणे २४ महिन्यांहून कमी उरले आहे आणि औषधाने ते निदान ३ महिन्यांनी वाढते, त्याच्यासाठी सुमारे ५० हजार पौंडांपर्यंत जाण्याची मुभा मिळाली. लोकांना हेच हवे आहे, असे गृहीत धरले गेले होते. ब्रिटनमधल्या ४,११८ प्रौढांना विचारून केलेली एक पाहणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा चित्र वेगळे निघाले. अखेरच्या काळातील रुग्ण किंवा कर्करोगाचा रुग्ण एवढ्याच कारणाने जादा पैसे द्यावेत, याला लोकांचा पाठिंबा दिसला नाही. आजाराची तीव्रता आणि दुसरा उपचारच उपलब्ध नसणे या कारणांना मात्र तो मिळाला. नॉर्वेत एरिक नूर्ड यांनी याआधीच, सौम्य आजाराचे किती रुग्ण बरे करणे हे एका गंभीर रुग्णाला बरे करण्याच्या तोडीचे, असे लोकांना विचारले होते. तिथेही झुकते माप गंभीर रुग्णालाच मिळाले. २०२२ मध्ये ‘नाइस’ने जुनी सवलत काढून टाकली आणि आजाराच्या तीव्रतेनुसार, मिळणाऱ्या वर्षांना १.२ किंवा १.७ पट वजन देण्याची पद्धत आणली. हा बदल मला योग्य वाटतो, कारण आता मरणाच्या जवळ नसलेली, पण वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेली तरुण मुलगीही त्यात बसू शकते.

मात्र लोकांची प्रत्येक पसंती हिशेबात घ्यावी असे मी म्हणणार नाही. दारू पिणाऱ्याला किंवा विशिष्ट जातीच्या माणसाला रांगेत मागे ढकलावे, असे बहुमत झाले तरी ते वजन म्हणून स्वीकारता येणार नाही. दुसऱ्या बाजूला, लोकांच्या मनातली न्यायाची जाण वगळून निव्वळ गणित केले तर काय होते, हे अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने अनुभवले आहे. तिथे १९९० मध्ये गरिबांच्या योजनेसाठी केलेल्या उपचारांच्या पहिल्या यादीत दातावर कॅप बसवणे अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेच्या वर आले. ती यादी गणितातूनच आली होती, पण ओरड झाली आणि यादी नव्याने करावी लागली. थायलंडने उलट वाट धरली. किडनी निकामी झालेल्यांचे डायलिसिस तिथल्या खर्चाच्या कसोटीत बसत नव्हते. तरी त्यापायी कुटुंबेच्या कुटुंबे कर्जात बुडत होती, म्हणून २००८ मध्ये ते सर्वांसाठीच्या योजनेत घेतले.

भारतात आरोग्याच्या कोणत्या अवस्थेला किती गुण द्यायचे, याविषयी इथल्याच लोकांना विचारून केलेला गुणांचा तक्ता २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. पण त्यातून कोणती अवस्था किती वाईट एवढेच कळते. कोणाला आधी उपचार द्यावेत, हा प्रश्न त्यात विचारलेला नाही. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कोणते उपचार घ्यायचे आणि कोणते वगळायचे हे ठरण्यापूर्वी, गावोगावच्या आणि शहरांतल्या लोकांना माहिती देऊन, बसवून, वेळ देऊन हा प्रश्न विचारावा आणि त्यांची उत्तरे, अंतिम निर्णय व त्यामागची कारणे मराठीत जाहीर करावीत, अशी माझी मागणी आहे.