रोजचं जेवण नेमकं कशामुळे बदलतं?

तुम्ही विचारलंय की, एखाद्या समाजाचं रोजचं खाणं जाहिरातींमुळे बदलतं, पैशामुळे की चवीमुळे. आणि एक धड उदाहरण मागितलंय. मी गोव्याचं देतो. माझ्या मते तुमच्या तिन्ही कारणांच्या आधी घड्याळ आणि डबा येतात. चव बिचारी सगळ्यात शेवटी बदलते.

पेजेचंच बघा. गोव्यात भाताची शेती करणाऱ्या घरांत सकाळी दहा-अकराला उकड्या तांदळाची पेज ठरलेली असायची, सोबत लोणचं, खारी मासळी नाहीतर आदल्या दिवशीचं आटवलेलं हुमण, म्हणजे नारळाच्या वाटणातलं मासळीचं कालवण. उजाडताच शेतात उतरलेल्या माणसाला त्या वेळी पाणी, मीठ आणि भात एकदमच हवा असतो. एक वाटी उकड्या तांदळाला सात-आठ वाट्या पाणी घ्यायचं. पाणी खळखळलं की धुतलेले तांदूळ सोडायचे, मंद आचेवर पाऊण ते एक तास शिजू द्यायचे आणि मीठ शेवटी घालायचं. उकडे तांदूळ टरफलासकट उकडून, वाळवून मग कांडलेले असतात. त्यामुळे दाण्यातली पिठूळ खळ आतच घट्ट बसते, दाणा अख्खा राहतो आणि वरचं पाणी पातळ राहतं. हीच पेज पॉलिश केलेल्या सुरय (न उकडलेल्या) तांदळाची करायला गेलात तर पातेल्यात खळ तयार होते. कुकरमध्ये करायची तर कुकर अर्ध्याच्या वर भरू नका. फेस वर येऊन शिटी तुंबते आणि झाकणातून सगळं ओट्यावर येतं.

मग ही पेज गेली कुठे? कुणाला ती नावडती झाली नव्हती. नोकरी आणि शाळा आली, अकराची सुट्टी नाहीशी झाली, दुपारचं जेवण एक वाजता डब्यातून होऊ लागलं. पेज डब्यात जात नाही, पोळी-भाजी जाते. 1961 नंतर रेशनवर गहू मिळू लागला, तोही पोळीला सोयीचा ठरला. नाहीतर पाव सोडला तर गोव्यात गहू हे रोजचं धान्य नव्हतंच. भाकरी व्हायची ती तांदळाची. आता पेज राहिली आहे ती तापाच्या माणसासाठी, उपासाच्या दुसऱ्या दिवसासाठी, आणि हल्ली हॉटेलांत ‘पारंपरिक थाळी’ म्हणून. रोजचा पदार्थ आधी आजाऱ्याचा होतो, मग कौतुकाचा. हा क्रम इतरही बऱ्याच ठिकाणी सापडेल.

पावाची चाल याच्या उलट. पाव हा शब्दच पोर्तुगीज. पाव खाल्ला की माणूस बाटला, ही समजूत हिंदू घरांत बराच काळ होती. आज त्याच घरांच्या दारात पोदेर (पाववाला) सायकलचा भोंपू वाजवतो आणि सकाळच्या पातळ भाजीबरोबर पाव, उंडो नाहीतर कोंडा लावलेली पोई घेतली जाते. मात्र आत एक बदल गुपचूप झाला. पूर्वी पीठ माडाच्या सुरेने, म्हणजे माडीने, फुगवत. सूर सावकाश काम करते, पीठ रात्रभर ठेवावं लागतं आणि पावाला किंचित आंबूस चव येते. माडावर चढणारे रेंदेर कमी झाले, सूर मिळेनाशी झाली, त्या जागी बाजारचं यीस्ट आलं. काम काही तासांत उरकू लागलं आणि आंबूसपणा गेला. नाव तेच, आकार तोच. म्हणून ‘आमच्याकडे पाव अजून तसाच मिळतो’ असं कुणी म्हणालं की मी आधी विचारतो, फुगवला कशाने?

यंत्राने सगळं बिघडवलं, असं मात्र म्हणू नका. रोजचं हुमण टिकलं ते मिक्सरमुळे. रगड्यावर नारळ वाटायला अर्धा तास जातो. नोकरी करणाऱ्या बाईने तो रोज कुठून आणायचा? फक्त मिक्सरची रीत वेगळी आहे. चार जणांसाठी अर्ध्या नारळाचं खोबरं, कोमट पाण्यात पंधरा मिनिटं भिजवलेल्या सहा-सात सुक्या मिरच्या, चमचाभर धणे, पाव चमचा हळद आणि चिंचेचा छोटा गोळा घ्या. आधी मिरच्या-धणे वाटा, मग खोबरं घाला. गार पाणी घालत, वीस-तीस सेकंदांनी थांबत वाटा. सलग फिरवलंत तर भांडं तापतं, खोबऱ्याला तेल सुटतं आणि रस फुटल्यासारखा दिसतो. तिरफळं (मसाल्याची वाळवलेली छोटी फळं) मिक्सरमध्ये टाकू नका, हुमण कडवट होतं. काळ्या बिया काढून सहा-सात टरफलं नुसती ठेचा आणि उकळत्या रसात बांगड्याबरोबर सोडा. पाच-सात मिनिटं पुरे. डाव घालून ढवळायचं नाही, भांडंच धरून हलवायचं.

या हुमणातली मिरचीसुद्धा पाहुणीच. 1510 मध्ये पोर्तुगीज गोव्यात आले, त्यानंतर अमेरिकेतून मिरची, काजू, बटाटा, अननस, पपई इकडे पोचली. आधी तिखटासाठी मिरी होती. आज मिरचीशिवाय हुमण हा विचारच करवत नाही, आणि काणकोणातल्या खोल्याची मिरची तर गावाच्या नावानेच विकली जाते. सणाच्या खतखत्यात (मिश्र भाज्यांच्या पदार्थात) घालतात ते रताळं आणि मक्याचं कणीसही मुळात अमेरिकेतलं, पण ते आता इतकं ‘आपलं’ झालंय की देवाच्या नैवेद्यालाही चालतं. जुना थर शोधायचा असेल तर श्राद्धाचा स्वयंपाक बघा: कोबी, फ्लॉवर, टोमॅटो अनेक घरांत आजही त्या दिवशी चालत नाहीत. उशिरा आलेल्यांना तिथे जागा मिळायला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

पावसाळ्याचं ताट तेवढं आमच्या डोळ्यांदेखत पालटलं. मे महिन्यात ‘पुरुमेंत’, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरून ठेवायचं: सुकी मिरची, सोलं, चिंच, सुके बांगडे, सुकी सुंगटं (कोळंबी). 1 जून ते 31 जुलै ट्रॉलरच्या मासेमारीला बंदी असते, ताजी मासळी तुटपुंजी, म्हणून घरात किसमूर, म्हणजे सुक्या मासळीची कोशिंबीर, व्हायचं. आता बर्फ, फ्रीजर आणि परराज्यातले ट्रक आहेत. बाजार भर जुलैतही भरलेला असतो. जुलै 2018 मध्ये फॉर्मेलिनचा गदारोळ झाला, सरकारने बाहेरची मासळी काही दिवस बंद केली, तेव्हा ताटातलं किती बाहेरून येतं ते लोकांना कळलं. भाजी आणि दुधाचंही तसंच, बेळगावच्या गाड्या अडल्या की कळतं.

किसमूर करून बघणार असाल तर सुकी सुंगटं डोकी-शेपट्या काढून मंद आचेवर कुरकुरीत भाजा. मूठभर सुंगटांना अर्धी वाटी खोबरं, एक कांदा, चिंचेचा कोळ, तिखट, मीठ. खोबरं-कांदा आधी कुस्करून ठेवा आणि सुंगटं ताटावर बसल्यावरच मिसळा, नाहीतर दहा मिनिटांत मऊ पडतात. डब्यात न्यायला हेही निकामीच.