पोल्ट्रीच्या लसीतूनच दुसरा विषाणू कोंबड्यांत शिरू शकतो का?

शिरू शकतो, आणि तसं घडलंही आहे. गाजलेलं उदाहरण 'एग ड्रॉप सिंड्रोम' या अंडी घटवणाऱ्या रोगाचं. १९७६ मध्ये नेदरलँड्समध्ये त्याची पहिली नोंद झाली. कोंबड्या दिसायला ठणठणीत, पण अंड्यांचा तपकिरी रंग उडालेला, कवच पातळ, काही अंडी तर नुसत्या पापुद्र्यातली, हातात घेतली की दबणारी. विषाणू निघाला मूळ बदकांचा. बदकाच्या भ्रूणपेशींवर वाढवलेल्या मॅरेक्सच्या (कोंबड्यांना गाठी आणणारा विषाणूजन्य रोग) लसीतून तो कोंबड्यांत आला असावा, असं मानलं जातं. यातली खरी गोम म्हणजे तो पिल्लात गुपचूप पडून राहतो आणि अंड्यांचा हंगाम ऐन भरात आला की डोकं वर काढतो. तोवर रक्ततपासणीतही बऱ्याचदा सापडत नाही.

१९७४ च्या सुमारास जपानमध्येही मॅरेक्सच्या लसीत आरईव्ही हा विषाणू सापडला होता. पिल्लं खुरटली, पिसं बिघडली.

म्हणूनच आता जिवंत विषाणू असलेल्या लसी बनवायला ठरावीक रोगांपासून मुक्त अशा एसपीएफ कळपांची अंडी वापरतात आणि बॅच तपासतात. पण लसीनंतर पिल्लं शिंकली की लगेच भेसळीचा संशय नको. रानीखेत (न्यूकॅसल) रोगाच्या जिवंत लसीने थोडं तसं होतंच. बॅच नंबर मात्र लिहून ठेवा.